आपलाच माणूस यादीत येतो तेव्हा

वाचकाचं पत्र

"आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) प्रापंचिकांचं, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या सामान्य लोकांचं, एक छोटं सेवामंडळ आहे. दर आठवड्याला मीटिंग, महिन्याला अकरा घरांना रेशन, आजाऱ्यांना भेटी असं काम चालतं. दोन वर्षांपासून मी अध्यक्ष आहे. आमचा एक जुना सभासद टेम्पोने वाडीतला भाजीपाला आणि फुलं दादरला न्यायचा. त्याच्या बायकोचं डायलिसिस सुरू झालं आणि टेम्पो विकावा लागला. आम्हाला हे कळलं ते टेम्पो विकल्यावर. मग मीटिंगमध्ये एकमताने त्याचं नाव रेशनच्या यादीत घातलं. दोन तरुण पोरं पिशवी घेऊन गेली, नेहमीप्रमाणे फोटो काढला, देणगीदारांच्या ग्रुपवर टाकला. पुढच्या रविवारी त्याने पिशवी न उघडता आणून हॉलच्या टेबलावर ठेवली आणि काही न बोलता निघून गेला. तेव्हापासून तो मीटिंगला येत नाही. मिस्सेला (देवळातल्या उपासनेला) मागच्या बाकावर बसतो आणि शेवटचा आशीर्वाद व्हायच्या आत उठतो. खजिनदार म्हणतात, हा निव्वळ अहंकार. दुसरे एक जण म्हणतात, पाड्यावरची चार घरं कमी करून आधी आपल्या माणसाचं नीट बघायला हवं होतं. त्यांनी बायबलमधलं पौलाचं वचनही काढून दाखवलं. आमचं नेमकं काय चुकलं? आणि त्याला परत कसं आणायचं?"

एक अध्यक्षा, वसई

उत्तर

ताई,

फोटोचं आधी उरकते, कारण त्यात विचार करण्यासारखं फार काही नाही. ग्रुपवरून तो फोटो काढून टाका. त्याचा एकट्याचाच नाही, आजवर टाकलेले सगळे. देणगीदाराला हिशेब मागायचा हक्क आहे, चेहरा मागायचा नाही. किती घरं, किती किलो तांदूळ, कुठल्या दुकानाचं किती बिल, हे त्याला दर महिन्याला लेखी द्या. तेवढ्यावर ज्याचं समाधान होत नाही त्याची देणगी गेली तर जाऊ द्या. उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू देऊ नका, हे मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातलं वाचन आपण दर वर्षी राखेच्या बुधवारी, उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, देवळात ऐकतो, कपाळाला राख लावून घेतो आणि बाहेर पडून ग्रुप उघडतो. त्या दोन पोरांना मात्र यात बळी देऊ नका. 'नेहमीप्रमाणे' हा शब्द तुम्हीच लिहिलाय. इतकी वर्षं जे चालत आलं तेच त्यांनी केलं. या वेळी कॅमेऱ्यासमोर ओळखीचा माणूस होता, एवढाच फरक.

पण फोटो काढला नसता तरी पिशवी परत आली असती, असं मला वाटतं.

'एकमताने' हा तुमच्या पत्रातला दुसरा शब्द. त्या एकमतात तो नव्हता. त्याच्याविषयी, त्याच्यामागे, त्याच्याच खुर्च्यांवर बसून ठरलं. आणि तो काही बाहेरचा माणूस नव्हे. त्या हॉलमध्ये त्याने वर्षानुवर्षं अर्ज ऐकले आहेत. एखादं घर यादीत घ्यायचं की नाही हे ठरवताना तिथे काय काय बोललं जातं ते त्याला पाठ आहे. तुमची मीटिंग मी पाहिलेली नाही, पण अशा मीटिंगा खूप पाहिल्या आहेत. 'त्यांच्याकडे टीव्ही आहे.' 'नवरा पितो, तांदूळ विकून टाकेल.' 'पोरगा कमावता आहे की, मग कशाला?' 'मागच्या लग्नात तिच्या गळ्यात चेन होती.' यातलं एखादं वाक्य कधीतरी त्याच्याही तोंडून गेलं असेल. आता दारात पिशवी आली तेव्हा त्याला तांदूळ-डाळीच्या आधी ती वाक्यं ऐकू आली असणार. आपलं नाव निघालं तेव्हा कोण काय म्हणालं असेल? टेम्पो विकला ते पैसे कुठे गेले, असं कोणी विचारलं असेल का?

खजिनदार म्हणतात तसा थोडा अहंकारही असेल, असू दे. पण यादीतल्या माणसाकडे मंडळ कुठल्या नजरेने बघतं हे बाकीच्या दहा घरांना अंदाजाने माहीत आहे आणि याला आतून माहीत आहे. म्हणून त्यालाच ती पिशवी घेववली नाही.

मला यातून जे दिसतं ते तुम्हाला फारसं आवडणार नाही. तुम्ही विचारताय, आपल्या भावाला हे असं द्यायला नको होतं का. मी विचारते, जे आपल्या भावाला असं देता येत नाही, ते पाड्यावरच्या बाईला तरी असं कसं देता येतं? तिने कधी पिशवी टेबलावर आणून ठेवली नाही, याचा अर्थ तिला बरं वाटतं असा नाही. तुमचा हॉल तिचा नाही, टेबल तिचं नाही आणि घरात पोरं उपाशी आहेत. तुमच्या या सभासदाने नकळत तिच्याही वतीने निरोप दिला आहे. तो फक्त त्याच्यापुरता ऐकलात तर अर्धाच ऐकलात.

हे सांगायचं कारण असं की आता तुमच्यापैकी कोणीतरी नक्की सुचवेल, 'त्याचं नाव यादीत नको, त्याला गुपचूप देऊ.' ही कल्पना नवी नाही, आणि वाईटही नाही. फ्लॉरेन्समध्ये १४४२ साली अंतोनिनो नावाच्या डोमिनिकन मठाधिकाऱ्याने, जे पुढे तिथले आर्चबिशप आणि मग संत झाले, बारा प्रापंचिकांचं एक मंडळ उभं केलं. राजकारणाच्या उलथापालथीत आणि करांच्या ओझ्याखाली बुडालेली चांगली खातीपिती घरं शहरात होती. त्यांना हात पसरायची लाज वाटायची. या घरांना 'लाजणारे गरीब' असंच म्हणत. हे बारा जण त्यांच्याकडे गाजावाजा न करता मदत पोहोचवत. ठेव साठवून ठेवायची नाही, आलेलं वाटून टाकायचं असा त्यांचा नियम होता, आणि थैली रिकामी झाली की आपल्या प्रार्थनागृहाच्या दाराशी मेणबत्ती लावायची, म्हणजे गावाला कळायचं की आता द्यायची वेळ झाली. ते मंडळ आजही काम करतं. तिथल्या भिंतींवर दयाकृत्यांची चित्रं आहेत.

मला हे मंडळ फार आवडतं. तरीही त्यात एक काटा आहे. लाजायची मुभा कोणाला होती? जो कालपर्यंत आपल्या बरोबरीचा होता त्याला. जो जन्माने रस्त्यावर होता त्याच्या लाजेचा विचार करायला कोणी बारा जण बसले नव्हते. त्याने दारात उभं राहून घ्यावं हेच सगळ्यांना स्वाभाविक वाटायचं. तुमच्या मंडळात दोन वाटा तयार होऊ देऊ नका, 'आपल्या' माणसासाठी मऊ आणि पाड्यासाठी खरखरीत. गुपचूप द्यायचं तर अकराही घरांना गुपचूप द्या.

पौलाच्या वचनाचं बोलायचं तर तुमच्या सभासदांनी गलतीकरांस पत्रातला सहावा अध्याय, दहावी ओवी काढून दाखवली असणार: विशेषतः विश्वासाच्या घराण्यातल्यांचं बरं करावं. वचन खरं आहे. पण त्याच ओवीत 'विशेषतः'च्या आधी 'सर्वांचं' आहे. पौल घरच्यांसाठी दोन घास जास्त मागतो, बाहेरच्याच्या ताटातले काढून नव्हे. ज्यांना वचनच हवं असेल त्यांना प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय वाचायला द्या. पहिल्या ख्रिस्ती समूहातलं ते सुरुवातीचं जाहीर भांडण कशावरून झालं? रोजच्या अन्नवाटपावरून. ग्रीक बोलणाऱ्यांनी तक्रार केली की आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं. जेरुसलेमच्या लोकांनी 'आधी आपल्या' असं उत्तर दिलं नाही. त्यांनी सात माणसं निवडली आणि वाटपाचं काम त्यांच्याकडे सोपवलं. त्या सातांची नावं ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच माणसांच्या हातात वाटप दिलं, असं त्यावरून दिसतं. हे मी तुमच्या मंडळाला सुचवायचं धाडस करत नाही असं समजू नका. पाड्यावरची एखादी बाई तुमच्या मीटिंगला बसली तर 'टीव्ही आहे' हे वाक्य त्या दिवशी कोणी बोलणार नाही, एवढं नक्की.

आता तुमच्या पत्रातलं जे वाक्य मला सगळ्यात जास्त खुपलं ते. 'आम्हाला हे कळलं ते टेम्पो विकल्यावर.'

दर आठवड्याला तुम्ही एका टेबलाभोवती बसत होता. डायलिसिस काही एका रात्रीत सुरू होत नाही. त्याआधी पाय सुजणं, तपासण्या, रिपोर्ट, डायलिसिसची सुई टोचता यावी म्हणून हातावर करतात ते फिस्टुलाचं छोटं ऑपरेशन, उधारउसनवार, हे सगळं झालं असणार. टेम्पो विकायचा विचार तो कित्येक रात्री करत असणार. आणि या सगळ्या काळात तो मीटिंगला येत होता, दुसऱ्यांच्या अडचणींवर मत देत होता. त्याने सांगितलं नाही, हे खरं. पण तुमच्या मीटिंगमध्ये सांगायची जागा कुठे होती? प्रार्थना, मागच्या मीटिंगचा वृत्तांत, जमाखर्च, नवीन अर्ज, चहा. सभासदाची स्वतःची अडचण यातल्या कुठल्या मुद्द्याखाली येते?

संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची सुरुवात इथे आठवते. १८३३ सालचं पॅरिस. आदल्या वर्षीच शहरात कॉलऱ्याने थैमान घातलं होतं. फ्रेडरिक ओझानाम हा वीस वर्षांचा विद्यार्थी आणि त्याचे काही मित्र एका वादविवाद मंडळात जायचे. तिथे विरोधकांनी टोमणा मारला की तुमच्या चर्चने पूर्वी केलं ते केलं, आज तुम्ही काय करताय? तो टोमणा या पोरांना लागला. सिस्टर रोझाली रांदू नावाची धर्मभगिनी शहराच्या दरिद्री वस्तीत काम करायची. तिने त्यांना घरं दाखवली आणि तिथे कसं बसायचं, कसं ऐकायचं ते शिकवलं. गरिबांच्या घरी जाणं ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. कमी जणांच्या लक्षात राहतं ते हे, की या पोरांचा मूळ हेतू एकमेकांना विश्वासात टिकवून धरणं हा होता. ते आधी मित्र होते. घरभेटी त्या मैत्रीतून निघाल्या आणि मैत्रीला बळ देत राहिल्या. आपल्याकडच्या बऱ्याच मंडळांत क्रम उलटा झालाय. काम वाढलं, यादी वाढली, देणगीदार वाढले, आणि मंडळ म्हणजे वाटपाची यंत्रणा झाली. एकमेकांना 'ब्रदर', 'सिस्टर' म्हणतो आणि ब्रदरचा टेम्पो विकल्याची बातमी बाजारात कळते.

म्हणून मीटिंगची पहिली दहा-पंधरा मिनिटं रिकामी ठेवा. वहीत काही लिहायचं नाही. प्रत्येकाने आपल्या घरचं सांगायचं. पहिले काही आठवडे सगळे 'बरं चाललंय' म्हणतील. पुरुष तर हमखास. चालू द्या. अध्यक्ष म्हणून तुम्ही स्वतः काहीतरी खरं सांगितलंत तर हळूहळू बाकीचे सांगतील. आणि यादीतल्या घरांवर बोलायचं तर जे दोघं प्रत्यक्ष त्या घरी जाऊन आले त्यांनीच बोलावं. ऐकीव गोष्ट टेबलावर येऊ नये. तो माणूस समोरच्या खुर्चीत बसला असता तर हे वाक्य याच शब्दांत म्हटलं असतं का, एवढी एकच चाळणी पुरे.

हे करायला फादरांच्या परवानगीची वाट बघू नका. त्यांच्या कानावर घाला, आशीर्वाद घ्या, पण भांडण त्यांच्या ओटीवर नेऊन ठेवू नका. आपल्याकडे ही एक सवयच झालीय, प्रापंचिकांचं मंडळ म्हणायचं आणि वाकडं आलं की फादरांनी समजूत काढावी. आपल्या वसईचा गोन्सालो गार्सिया तरी धर्मगुरू कुठे होता? व्यापार सोडून फ्रान्सिस्कन ब्रदर झालेला माणूस. जपानात कुष्ठरोग्यांची सेवा करणाऱ्या मंडळींतला एक, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला क्रुसावर गेला तोही ब्रदर म्हणूनच.

आता त्याच्याकडे जायचं कसं ते.

शिष्टमंडळ नेऊ नका. पाच जण चप्पल काढून ओटीवर रांगेत बसले की त्याला पुन्हा यादीत आल्यासारखंच वाटेल. घरभेटींना इतकी वर्षं त्याच्या जोडीला जो जायचा, त्याने आधी एकट्याने जावं. माफी नंतर. आधी नुसतं जाऊन बसावं. तो बोलला नाही तर हवापाण्याचं, वाडीचं, पावसाचं बोलून उठावं आणि पुन्हा जावं.

माफी मात्र तुम्ही मागायची, अध्यक्ष म्हणून. 'तुमच्या भावना दुखावल्या असतील तर' असली निवडणुकीतली भाषा नको. फोटो टाकला हे चुकलं, तुम्हाला न विचारता तुमच्याविषयी ठरवलं हे चुकलं, फोटो काढून टाकलेत, यापुढे कोणाचाच काढणार नाही. चार वाक्यं. मग गप्प बसा. त्याने लगेच 'अहो, त्यात काय एवढं' म्हणून विषय संपवला तरी मोकळं झालं असं धरून चालू नका. आपल्याकडची माणसं पाहुण्याला अवघडू देत नाहीत, त्यातलाच तो प्रकार असतो.

माफीच्या वेळी मीटिंगला येण्याचा विषय काढूच नका. 'त्याला परत कसं आणायचं' असं तुम्ही विचारलंत, पण त्याचं येणं हे तुमच्या माफीचं बिल होता कामा नये. तो कदाचित येणार नाही. मंडळाबाहेर राहूनही माणूस भाऊ राहू शकतो.

पैशाचं आता. मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणेल, बिनव्याजी कर्ज देऊ, म्हणजे त्याला कमीपणा वाटणार नाही. औषधपाण्यासाठी असं करू नका. मिळकत थांबलेल्या माणसाला उसने दिलेले पैसे म्हणजे देवळातून चुकवून जायला आणखी एक कारण. धंद्यासाठी कर्ज ही वेगळी गोष्ट. उद्या तो म्हणाला की जुना टेम्पो बघतोय, तर त्याला बँकेत जाऊ द्या. आपल्याकडे १९१८ साली मॉन्सिन्यॉर मोनीस यांच्या पुढाकाराने पतपेढी निघाली, तीच पुढे बॅसीन कॅथॉलिक बँक झाली. तिथे आपली माणसं पिढ्यान्‌पिढ्या ताठ मानेने कर्ज मागतात, कारण मागणारा स्वतः भागधारक असतो. तुमच्यापैकी दोघांनी त्याला जामीन राहावं. रेशनची पिशवी देताना आपलं स्वतःचं काही पणाला लागत नाही, जामीनपत्रावर सही करताना लागतं. कोण सही करायला तयार होतं ते बघा. त्यात खजिनदार असतील तर मी त्यांची माफी मागेन.

आणि सरकारी मदतीची कागदपत्रं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता एका कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात, डायलिसिस त्यात धरलेलं आहे, आणि योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसलेला असतो. त्याशिवाय धर्मादाय न्यासांच्या मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. हे त्याला बहुधा माहीत असेल, कदाचित तुमच्या सगळ्यांपेक्षा जास्त. पण माहीत असणं वेगळं आणि बायकोला डायलिसिसला बसवून मधल्या चार तासांत तहसील कार्यालयात रांग लावणं वेगळं. तुमच्या मंडळात नुकतेच निवृत्त झालेले सरकारी कर्मचारी असतीलच, आपल्याकडे कुठल्या मंडळात नसतात! त्यांना म्हणावं, हा दाखला आणायचं काम तुमचं.

नेण्या-आणण्याचंही तसंच. टेम्पो गेला, म्हणजे आठवड्यातून दोनदा-तीनदा रिक्षा. मंडळात कोणाकडे गाडी आहे? वार ठरवून घ्या. इथे ज्यांच्या नावाने ती सोसायटी निघाली त्या मूळच्या व्हिन्सेंट डी पॉल यांची गोष्ट उपयोगी पडेल. १६१७ साली फ्रान्समधल्या शातियाँ गावात त्यांनी प्रवचनात सांगितलं की गावाबाहेर एका घरात सगळेच आजारी आहेत. दुपारी सगळा गाव अन्न घेऊन तिकडे लोटला. इतकं अन्न एकदम आलं की ते नासणार आणि उद्या-परवा तिथे कोणी फिरकणार नाही हे व्हिन्सेंटच्या लक्षात आलं. त्यांनी गावातल्या बायांना एकत्र करून पाळ्या लावून दिल्या. तुमच्या माफीनंतर पहिल्या आठवड्यात त्या घरी अशीच रीघ लागेल, मला खात्री आहे. तिला पाळ्यांचं वळण द्या. त्या बायांसाठी व्हिन्सेंटनी नियम लिहिले होते, त्यातला एक मला फार आवडतो: ज्या आजाऱ्याजवळ कोणी आहे त्याच्याकडे आधी जावं आणि जो एकटा आहे त्याच्याकडे शेवटी, म्हणजे त्याच्यापाशी जास्त वेळ बसता येतं.

खजिनदारांविषयी एक शब्द. त्यांना दोष देऊन घराबाहेर काढू नका, नाहीतर एकाला आणायच्या नादात दुसरा जाईल. ते चिडलेत, कारण देणारा हात झिडकारला गेला. येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून पवित्र गुरुवारी फादर बारा जणांचे पाय धुतात तेव्हा आपण येशूकडे बघतो. त्याच्या शिष्याकडे, पेत्राकडे बघावं. तो म्हणतो, माझे पाय तू कधीच धुवायचे नाहीस. प्रभूवर इतकं प्रेम असलेल्या माणसालाही पाय पुढे करणं जड गेलं. येशू त्याला अहंकारी म्हणून बाजूला करत नाही, थांबून समजावतो. खजिनदारांना एवढंच विचारा की गेल्या दहा वर्षांत त्यांनी स्वतः कोणाकडून काय घेतलंय. आठवायला वेळ लागला तर त्यांचं त्यांनाच कळेल की त्या सभासदाला काय जड गेलं. हे वचन त्या सभासदाला मात्र जाऊन ऐकवू नका. आपल्यासाठी असलेलं वचन दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवायची खोड आपल्या सगळ्यांनाच आहे.

शेवटचं, आणि ते मी मुद्दाम मागे ठेवलं. तुमच्या पत्रात त्याची बायको एका ओळीत येते, 'बायकोचं डायलिसिस सुरू झालं' म्हणून. पिशवी त्याने परत केली. तिला हवी होती का? तिला कोणी विचारलं? तिचा नवरा टेबलावर पिशवी ठेवून ताठ मानेने घरी आला, त्या संध्याकाळी चूल तिलाच पेटवायची होती, तीही सुई टोचलेल्या हाताने. मंडळातल्या एखाद्या बाईने तिच्याकडे वेगळं जायला हवं, तो घरात नसताना चालेल, डायलिसिसच्या खुर्चीशेजारी तर उत्तमच. तिथे चार तास दुसरं करायचं काय असतं?

आणि जाताना सवयीने शहाळं किंवा सुकेळी (सुकवलेली केळी) नेऊ नका. आजाऱ्याला बघायला जायचं म्हटलं की आपला हात त्याच्याकडेच जातो. मूत्रपिंडाच्या रुग्णाला पोटॅशियम जपून घ्यावं लागतं, आणि केळं आणि नारळपाणी दोन्हींत ते भरपूर असतं. मीठही कमी, म्हणून पापड, लोणचं, सुकी मासळी यांवरही बंधन येतं. पाणीसुद्धा मोजून प्यावं लागतं. तुमच्या त्या पिशवीत काय होतं ते एकदा आठवून बघा. आपल्याकडच्या रेशनच्या पिशव्यांत पापड-लोणचं बहुधा असतंच. नक्की काय चालतं ते तिला तिच्या डॉक्टरांनी सांगितलं असेल, ते तिच्याकडूनच समजून घ्या.

ती म्हणाली की हो, किराणा हवाय, तर पिशवी पाठवू नका. गावातल्या दुकानदाराकडे मंडळाच्या नावाने खातं उघडा, तिला जे लागेल ते तिने जाऊन किंवा फोन करून घ्यावं, महिन्याचं बिल मंडळाने भरावं. दुकानदार तोंडाचा घट्ट असावा, एवढं मात्र बघून घ्या. आणि हेच खातं उरलेल्या दहा घरांसाठीही उघडा. पाड्यावरच्या बाईलाही कुठली डाळ हवी ते ठरवता येतं.